ऊन टाळा

सणसर
१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

सारजाक्का,

पत्र बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. पाच वर्सांमागं म्या बिरदेवाची आण घेतली की सख्खी बहीण असली तरी सारजीशी तोंडानं एक शबूद बोलणार न्हाय. ती आण मी आजवर पाळलीया अन् म्होरं बी पाळणार. पर आण तोंडाची हाय, हाताची न्हाय. ह्यावर म्या चार दिस इचार केला, देवाला बी इचारलं. देव काय बोलला न्हाय, म्हंजे त्याची हरकत नसावी.

तुझी खुशाली इचारायला लिहीत न्हाय. ती तुझी लेक स्वराली मला दर रविवारी सांगती. मोरगावात पाऊस किती झाला, शेळीला करडं किती झाली, सगळं ठावं हाय मला. लिहायचं कारण वेगळं हाय. गेल्या रविवारी स्वराली बारामतीच्या त्या कातडीच्या दवाखान्यातनं नोकरी उरकून हिकडं आली. मी भाकरी थापत हुते. चुलीम्होरं बसून दोन भाकरी खाल्ल्या अन् म्हणली, "मावशी, वैशाखात लगीन धरलंय. पोरगं कोऱ्हाळ्याचं हाय. अन् मंगलाष्टकाला माझ्या मागं मामाच्या जागी तू उभी राहणार."

तव्यावरची भाकर जळाली तवा मी भानावर आले.

आक्के, मामा कुठनं आणायचा आपण? तुझ्या पाठीवर मी झाले. पुढचा तरी पोरगा व्हावा म्हणून आबानं माझं नाव नकोशी ठेवलं. पोरगा काय झाला न्हाय, नाव तेवढं मला चिकटलं. तुझ्या ऋषिराजच्या लग्नात बी असंच झालं हुतं. भटजी ओरडत हुते, नवरदेवाचे मामा कुठायत, मामा कुठायत. अन् तू भर मांडवात मोठ्यानं म्हणलीस, "आमची नकोशी करा की उभी! दाढी बी हाय तिला!"

चारशे माणूस हसलं. माईकवाला सुदीक हसला. मी पदर तोंडावर घेतला अन् न जेवता सणसरला आले. त्याचं मला किती लागलं ते तुला ठावं हाय का न्हाय, मला ठावं न्हाय. तू एकदा बी आली न्हाईस.

आता लिहायला बसलेच हाय तर सगळं लिहिती. वीस वर्सं झाली, तांबडं फुटायच्या आधी उठून मी हनुवटी तासती. आमचं मालक बाजारातनं दोन रेझर आणत्यात. एक त्यांच्या आरशापाशी ठेवत्यात, दुसरा गुपचूप माझ्या फणीच्या डब्यात. त्या इषयावर आमी नवरा-बायको आजवर एक शबूद बोललो न्हाय. मला लेकरू न्हाय. स्वरालीला म्या अंगाखांद्यावर खेळवली. ती म्हणती उभी राहा, तर मला उभं राहायचंय. पर त्याच माणसांम्होरं, तोंड उघडं ठेवून उभं राहायचंय. पदर घेऊन उभं राहायचं असतं तर मी काय, खांब बी चालला असता.

पोरगी म्हणती, आमच्या मॅडमकडं लेझरचं मशीन हाय. उजेडानं केस जातो. मला पटलं न्हाय, पर जाणार हाय. हे मी तुझ्या बोलण्यापायी करत न्हाय, ध्यानात ठेव.

स्वरालीची मावशी,
नकोशी

सणसर
१५ डिसेंबर २०२४

आक्के,

तुझं उत्तर न्हाय. बरं. मला तरी कुठं घाई हाय.

पर सांगितल्याबिगर राहवत न्हाय. गेल्या रविवारी माझं पयलं लेझर झालं! सुप्रिया मॅडम म्हणून डॉक्टर हायत. आपल्या स्वरालीपरीस चार-पाच वर्सांनीच मोठ्या असतील, पर बोलणं असं की वाटावं आपल्याच घरातली बाई. आधी रक्त तपासलं. मंग म्हणल्या, "नकोशीताई, यात तुमची काही चूक नाही. शरीरातल्या संप्रेरकांचं गणित थोडं वेगळं असतं. कितीतरी बायकांना असतं हे." मला संप्रेरक काय कळलं न्हाय. चूक न्हाय एवढं कळलं. मला आजवर हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर बाकावर आठ बायका बसल्या हुत्या, सगळ्या स्कार्फ बांधून, कुणी कुणाकडं बघंना. त्यातली एक आमच्याच गावची निघाली. तिनं मला बघितलं अन् पेपर तोंडाम्होरं धरला. उलटा धरला हुता.

आत मला निजवलं, डोळ्यावर काळा गॉगल, हनुवटीला गार जेली. अन् मंग टक्, टक्, टक्. रबर ताणून सोडलं की कसं लागतंय, तसंच. केस जळाल्याचा वास आला. आबा मेंढरं कातरायला बसवायचा तवा ती कशी गप पडायची, तशी मी पडले हुते. मधीच म्या इचारलं, "मॅडम, लोकर किती निघाली?" मॅडम इतक्या हसल्या की मशीन बंद करावं लागलं. असं सात-आठ येळा करायचं म्हणत्यात, महिन्या-दीड महिन्याच्या अंतरानं. मधी उपटायचं न्हाय, दोरा लावायचा न्हाय. लईच दिसायला लागलं तर रेझर चालतो.

येताना छापील चिठ्ठी दिली. स्वराली त्या दिशी रजेवर हुती, लग्नाचा बस्ता बघायला गेलेली. म्हणून मीच वाचली, सातवी पास हाय मी, तुझ्यापरीस तीन यत्ता जास्त. चिठ्ठीत लिवलंय, ऊन टाळा. गार पाण्याची पट्टी ठेवा. बाहेर जाताना सोबतचं क्रीम लावा.

आक्के, लई अवघड पथ्य हाय गं हे. ऊन भाकर न्हाय, ऊन कालवण न्हाय. अंघोळीला ऊन पाणी न्हाय. ह्या थंडीत! चहा कपात ओतायचा अन् साय धरंस्तवर बघत बसायचं. मालक म्हणलं, तू एकटीनं कशाला सोसायचं, अन् ते बी गार चहा प्यायला लागलं. परवा त्यांना सर्दी झाली. दोघं गार पाण्यानं अंघोळ करून कुडकुडत ओट्यावर बसतो अन् एकमेकांकडं बघून हसतो.

क्रीम मात्र म्या पेटीत ठेवलंय. भारी दिसतंय. चिठ्ठीत बाहेर जाताना लावा म्हणलंय, अन् मी कुठं बाहेर जाती? रानात तेवढी जाती. रान म्हंजे काय बाहेर व्हय? स्वरालीच्या लग्नात लावीन.

सध्या उसाची लागण चाललीया. सकाळी धापासनं चारपातुर कांड्या दाबती. रानात बरं वाटतं, घरातल्या गार चहापरीस रानातलं ऊन लई गोड लागतंय.

काल स्वरालीचा फोन आला, "मावशी, ऊन टाळतीस ना?" म्हणलं, "बाई, आठ दिस झाले, एक घोट न्हाय." ती "काय?" म्हणली तवर रेंज गेली.

नकोशी

सणसर
२६ जानेवारी २०२५

आक्के,

हस. पोट धरून हस. तुला हसायला पायजे हुतं न्हवं माझ्यावर? घे.

बारा तारखेला दुसऱ्या लेझरला गेले. तोंडावरनं स्कार्फ काढला अन् मॅडम खुर्चीतनं उठल्याच. हनुवटीवर अन् गालाच्या कडेला काळे डाग आले हुते माझ्या. मला वाटलं हुतं, लेझरचा गुण असतोय, आधी काळं हुतंय अन् मंग उजळतंय.

"नकोशीताई, मी ऊन टाळायला सांगितलं होतं!"

"टाळलं की मॅडम!" मला राग आला. "महिना झाला, चहा सुदीक गार पितीया. मालकांना सर्दी झालीया माझ्यापायी!"

अन् आपली स्वराली हातातला ट्रे घेऊन भिंतीला टेकली, टेकली, अन् घसरत खाली फरशीवर बसली. मला वाटलं पोरगीला चक्कर आली. हसत हुती गं! डोळ्यातनं पाणी येऊस्तवर हसली. अन् मंग ते हसायचं पाणी कवा रडायचं झालं कळलं न्हाय. "मावशी, सूर्याचं ऊन गं, सूर्याचं! माझी चूक हाय. मीच थांबाय पायजे हुतं त्या दिशी."

आता तूच सांग. आपल्या घरात आई सकाळी उठून काय म्हणायची? ऊन पाणी घे, ऊन ऊन खाऊन घे. चिठ्ठीत ऊन म्हणलं, खाली लगेच गार पाणी म्हणलं. मला काय सपान पडणार हुतं सूर्याचं?

मॅडमनी मंग मला जवळ बसवून समजावलं. ते मशीन काळं हुडकतं. केस काळा असतोय, त्याला धरून मुळापातुर जाळतं. पर कातडी बी उन्हानं काळवंडली असली, तर त्याला कळंना केस कुठला अन् कातडं कुठलं. मंग कातडंच भाजतं. म्हणून लेझरच्या आधी महिनाभर ऊन नगं, अन् नंतर बी नगं, कारण नंतर कातडी कवळी झालेली असती, तिला जरा ऊन लागलं की डाग पडत्यात. मी तर रोज सहा तास उघड्या तोंडानं कांड्या दाबल्या.

"अन् क्रीम?" मॅडमनी इचारलं.

"पेटीत हाय. लग्नाला ठेवलंय."

त्यावर मॅडमनी कपाळाला हात लावला. ते क्रीम उन्हाचं हाय म्हणं. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की ते बाहेरच, रान बी बाहेर अन् गोठा बी बाहेर. निघायच्या आधी पाव-अर्धा तास लावायचं, अन् रानात असलं तर दोन-अडीच तासांनी पुन्यांदा, कारण घामानं जातं.

त्या दिशी मशीनला हात लावू दिला न्हाय. डाग जाऊस्तवर दोन महिने थांबा म्हणल्या. मी लई भांडले, लगीन म्होरं आलंय म्हणलं. मॅडम म्हणल्या, "तुम्ही कितीही भांडा, या कातडीवर मी मशीन चालवणार नाही." कडक हाय बाई. मला आवडली.

दवाखान्यातल्या सगळ्या छापील चिठ्ठ्यांवर आता स्वरालीनं पेनानं लिवलंय, ऊन म्हणजे सूर्याचं, चहा गरम प्यावा.

पर आक्के, दोन महिने गेले माझे. हसती खरी, पर आतनं धाकधूक वाटती. वैशाखापातुर हनुवटी साफ न्हाय झाली तर?

नकोशी

मोरगाव
९ फेब्रुवारी २०२५

नकोशे,

म्या काय आण घेतली नव्हती. तरी पाच वर्सं गप हुते. का हुते ते म्होरं कवातरी.

तुझं पत्र स्वरालीनं मोठ्यांदा वाचून दाखवलं. एक घोट न्हाय म्हणं! मी हसून हसून गोठ्यात खाली बसले. शेळ्या माझ्याकडं बघत राहिल्या. गेणबारावांची सर्दी गेली का? त्यांना म्हणावं, असला नवरा दिवा घेऊन हुडकला तरी गावायचा न्हाय. बायकोसंगं गार चहा पितो!

आईची आठवण काढलीस. ऊन पाणी घे गं म्हणायची, अन् पयला तांब्या तुझ्या डोक्यावर ओतायची, माझ्या न्हाय. तवा मला तुझा लई राग यायचा.

पोरीसंगं छत्री पाठवतीया. मोठी हाय, दोन माणसं मावतील. रानात नेत जा. लाजू नगंस.

सारजा

सणसर
३० मार्च २०२५, पाडवा

आक्के,

छत्री पोचली. पोचली म्हणून सांगायला पत्र लिहायचं हुतं, पर छत्रीनं एवढा गोंधळ घातला की लिहायला सवड झाली न्हाय.

एका हातात छत्री अन् एका हातात खुरपं, जमंना. मंग मालकांनी काय केलं, छत्रीचा दांडा माझ्या पाठीला त्यांच्या पटक्यानं बांधला. क्रीम लावून, स्कार्फ गुंडाळून, पाठीवर छत्री घेऊन मी उसात उतरले. बांधावर चंद्राबाई उभी हुती. तुला ठावं हाय ती, जीभ म्हंजे कोयता. "अगं बया! नकोशे, पाठीवर गणपती बसवलास का काय?" सगळा बांध हसला. मी म्हणलं, "बसवलाय. तू आरती म्हण."

पयले चार दिस हसल्या. पाचव्या दिशी चंद्राबाई हळूच शेजारी सरकली अन् म्हणली, "व्हय गं, ते क्रीम नुसत्या वांगाला बी चालतं का?" आता आमच्या रानात पाच बायका क्रीम लावून खुरपत्यात. अन् सकाळी सातला उतरतो, साडेनऊला बाहेर, मंग पाचला पुन्यांदा. काम तेवढंच हुतंय, डोकं बी दुखत न्हाय. इतकी वर्सं भर दुपारी कशाला मरत हुतो कुणास ठावं.

डाग गेले. नऊ मार्चला दुसरं लेझर झालं. केस निम्म्यानं कमी आलेत, आलेले बी बारीक. मला तर आरशाचं याडच लागलं हुतं. मालक परवा म्हणलं, "आरसा पुसून पुसून पातळ झाला." त्या इषयावरचा हा त्यांचा पयला शबूद, वीस वर्सांत. मी एवढी हसले की त्यांना कळंना काय झालं.

पर आता खरं लिहिती. एप्रिलात तिसरं हुईल. त्याच्या म्होरं लग्नाआधी मॅडम करत न्हाईत. मी म्हणलं, लग्नाआधी आठ दिस एक तडाखा द्या की. म्हणल्या, वैशाखाचं ऊन, त्यात हळद, गर्दी, घाम, अजिबात नाही. अन् तीन लेझरनं हनुवटी साफ होत न्हाय. राहणार काही केस. काही तर कायमचेच राहतील म्हणल्या, अंगातनंच येत्यात ते.

आक्के, मला भ्या वाटतंय. लिहायला लाज वाटती, पर वाटतंय. मी डोळे मिटले की तो मांडव दिसतो अन् ते हसणं ऐकू येतं. मी न्हाय उभी राहू शकत. लग्नाला येईन, कोपऱ्यात बसून अक्षता टाकीन. मामाच्या जागी ऋषिराजचा कोण दोस्त असंल तर बघा. स्वरालीला हे माझ्या तोंडानं सांगायचं धाडस न्हाय. तू सांग. आई हायस तिची.

नकोशी

मोरगाव
१३ एप्रिल २०२५

नकोशे,

म्या पोरीला काय सांगितलं न्हाय. आधी तुला सांगायचंय. तुझं पाडव्याचं पत्र स्वरालीला वाचू दिलं न्हाय, म्या एकटीनं वाचलं, अन् हे बी एकटीनं लिहिलंय, चुका असतील.

नकोशे, मला बी दाढी हाय.

तुझ्याएवढी न्हाय, पर हाय. अठ्ठावीस वर्सांची असल्यापासनं. तू रेझर फिरवतीस, मी चिमट्यानं उपटती, गोठ्यात, शेळ्यांच्या मागं, कवाड लावून. नवऱ्याला ठावं न्हाय, पोरांना न्हाय, तुला बी न्हाय. ऋषिराजच्या लग्नात चार दिस पावण्यांचा राबता, मला उपटायला सवड गावली न्हाय. मांडवात विहीणबाई माझ्याम्होरं उभ्या राहिल्या अन् माझ्या हनुवटीकडं बघाय लागल्या. नुसतं बघत हुत्या. तेवढ्यात भटजी मामा मामा ओरडले अन् तू समोर दिसलीस. माझ्या तोंडावरची नजर उचलून म्या तुझ्या तोंडावर टाकली.

चुकलं माझं. लई चुकलं. त्याच सांजंला माफी मागायला निघाले हुते, पर माफी मागताना का बोलले ते सांगावं लागलं असतं. ते सांगायची लाज माझ्या बहिणीपरीस मोठी झाली. पाच वर्सं झाली.

तुझी पत्रं ऐकून मी मॅडमकडं गेले. स्वरालीला दारातच सांगितलं. पोरगी काय म्हणाली ठावं हाय? "आई, मला बी हाय. मी तिथं नोकरीला का लागले वाटतंय तुला?"

मॅडम म्हणल्या, उपटायचं बंद करा, मूळ जाग्यावर राहिलं तरच मशीनला गावतं. अन् आजपासनं ऊन बंद. लेझर लगीन झाल्यावर. रेझर चालतो म्हणल्या, पर म्या ठरवलंय, रेझर बी फिरवणार न्हाय. पोरीच्या लग्नात जशी हाय तशी हिंडणार. कुणाला बघायचं त्यानं बघावं.

तू आण मोडू नगंस, देवाची हाय. माझ्याशी बोलू नगंस. पर पोरीच्या मागं उभी राहा.

सारजा

सणसर
१३ मे २०२५

आक्के,

दोन दिस तुझ्याबरोबर काढून आले अन् तरी लिहितीया. लग्नघरात कुणाला कुणाशी धड बोलता येतंय? ह्यो हळद मागतोय, त्यो पत्रावळी. बोलायचं ते सगळं राहिलं.

तुझं एप्रिलातलं पत्र वाचलं तवा मी आधी चिडले. पाच वर्सं माझ्या वाटणीची अन् तुझ्या वाटणीची, दोन्ही लाज मी एकटीनं वाहिली म्हणून चिडले. दोन दिस चुलीवर भांडी आपटली. मंग गोठ्यात कवाड लावून बसलेली तू डोळ्याम्होरं आलीस. माझ्याकडं निदान दुसरा रेझर आणणारा माणूस तरी हुता. तुला कुणीच नव्हतं गं. मी लई रडले. मालकांनी इचारलं काय झालं, तर म्हणलं, मोरगावला जायचंय, नवं पातळ काढा.

लग्नाच्या दिशी सकाळी आमी गाडीवरनं आलो. अंगणात हळद चाललेली, साडेधाचं ऊन, डोळा उघडंना. सगळ्या बाया मांडवात, अन् तू एकटी मांडवाबाहेर भर उन्हात, डोक्यावर पदर न्हाय, दोन्ही हातांना हळद, टेम्पोवाल्याशी भांडत उभी. मी गाडीवरनं उतरले बी नव्हते. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आक्के! मॅडमनी काय सांगितलंय? सावलीत ये आधी, सावलीत ये!"

सगळा मांडव थांबला. मालक म्हणलं, "नकोशे, आण!" तवा माझ्या ध्यानात आलं. देवाला काय द्यायचं ते मी देईन. पाच मुठी भंडारा उधळीन, न्हायतर दहा. बहिणीला सावलीत बोलावलं म्हणून तो काय रागावणार न्हाय, त्यो बी धनगरांचाच देव हाय, त्याला ऊन ठावं हाय.

अन् तू आलीस. पळत आलीस माझ्या छत्रीखाली. तुझी हनुवटी म्या बघितली, केस वाढलेली. तुझ्या त्या हळदीच्या हातानं माझी हनुवटी धरलीस. सगळ्यांच्या देखत. आक्के, दवाखाना सोडला तर आजवर माझ्या हनुवटीला कुणी हात लावला नव्हता. आईनं लहानपणी लावला असंल तेवढाच. म्या लावू दिला नव्हता कुणाला. मालकांना सुदीक.

तू हात काढलास तवा माझ्या हनुवटीवर तुझी पाच बोटं उमटली हुती, पिवळीजर्द. पोरी म्हणल्या, मावशी, पुसून घे. म्या पुसलं न्हाय.

सांजंला गोरज मुहूर्तावर भटजींनी माईकवर पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मुलीचे मामा!" खरं सांगती, पळून जावं वाटलं. अन् तू पयल्या रांगेतनं उठलीस, मांडव हादरंल असं ओरडलीस, "मामा आली!"

माणसं हसली. आली म्हणल्यावर हसणारच. सणसरवरनं आलेली चंद्राबाई तर सगळ्यात मोठ्यानं हसली, अन् तिनंच पयली शिट्टी मारली. पर हे हसणं वेगळं हुतं गं. म्या स्वरालीचा हात धरला अन् त्यातनं वाट काढत चालले.

मंगलाष्टकं चालली तवर मी तिच्या मागं उभी हुते. पदर खांद्यावर हुता. समोर तीच सगळी माणसं, पाच वर्सांनी जरा म्हातारी झालेली. समदी माझ्या हनुवटीकडंच बघत हुती, पिवळी हुती न्हवं. मी बघू दिलं.

नकोशी